मादीच्या कातीचा रिपोर्ट

नवरा गेल्यावर त्याचे कपडे देऊन टाकायला मला दोन दिवस लागले. त्याचे अजगर द्यायला आठ महिने लागले. अमेरिकेत, प्लेनोतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत तो बॉल पायथन पाळायचा. लाजाळू प्राणी, घाबरले की अंगाचा चेंडू करून बसतात. त्यांची पिल्लं तो विकायचा. शेवटी एक जुनी मादी तेवढी उरली.

तिच्या डब्यावर त्याच्या अक्षरात चिठ्ठी होती : 'अल्बिनोचा गुण आहे.' दिसायला ती साधी, तपकिरी. पण असा गुण लपलेला असेल तर योग्य नराशी जोडी लावून पिवळीधमक अल्बिनो पिल्लं मिळू शकतात, म्हणून अशा मादीला मागणी असते. गुण डोळ्यांना दिसत नाही. विकणारा सांगतो, घेणारा मानतो.

या वेळच्या गिऱ्हाइकाने मात्र टेस्ट मागितली. मी तिच्या कातीचा तुकडा पाकिटात घालून लॅबला पाठवला. रिपोर्ट आला : गुण नाही.

ती मादी आम्ही एका रेप्टाइल शोमध्ये घेतली होती. परतताना गाडीत मी विचारलं होतं, "कागद काही दिला का त्याने?"

"अगं, सत्तरीचा माणूस. नातवंडांचे फोटो दाखवत होता. त्याला पुरावा कसा मागायचा?"

तेव्हा मलाही ते पटलं होतं.

पण तिची पिल्लं नवऱ्याने 'गुण असण्याची निम्मी शक्यता' असं सांगून सहा जणांना विकली होती. त्याच्या वहीत त्यांची नावं नव्हती. फोन नंबर, आणि पुढे मराठीत 'टॅटूवाली नर्स', 'उंच पोस्टमन', असं काहीबाही.

त्याचा एक मित्र गेको, म्हणजे पालीच्या जातीचे प्राणी, पाळतो. त्याला रिपोर्ट दाखवला.

"वहिनी, टाका फाडून. आमच्या लग्नात पत्रिका बघितली, तिचंही पुढे काही खरं झालं नाही. कोणी विचारलं का?"

"सहा जणांना सांगायला हवं."

"तो गेलाय आता. लोक त्यालाच चोर म्हणतील. तुम्हाला चालेल?"

चालणार नव्हतं. तीन दिवस मी वही उघडली नाही. त्याचं नाव चांगलं राहावं एवढंच मला हवं होतं. आणि ते राखायचं तर मला त्या सहा जणांशी, गप्प बसून का होईना, खोटं वागावं लागणार होतं.

चौथ्या दिवशी सकाळी नर्सला फोन लावला. मी कोण, तो कधी गेला आणि रिपोर्ट काय आला, ते सांगितलं. तिने आधी सांत्वन केलं. मग म्हणाली, "तुमच्याकडून घेतलेल्या मादीसाठी मी अल्बिनो नर आणला. दोनदा अंडी घातली तिने. सगळी पिल्लं साधी निघाली."

"सॉरी," मी म्हटलं.

"मी तुमच्या मिस्टरांना फोन केला होता. ते म्हणाले, होतं असं, आणखी एक वर्ष बघ." मग तिने विचारलं, "त्यांना माहीत होतं का?"

हा फोन मला माहीत नव्हता. शेवटच्या दोन वर्षांत रात्री जेवताना तो अजगरांबद्दल फारसं बोलत नसे. मी ते आजारपणाच्या खात्यात टाकलं होतं. 'नाही' हा शब्द माझ्या ओठांवर होता, आणि तो म्हणायला मी त्याची बायको असणं पुरेसं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "विकताना माहीत नसावं, असं मला वाटतं. तुमचा फोन आल्यानंतरचं मी सांगू शकत नाही."

मग ती म्हणाली, "रिपोर्ट मला पाठवा. मीही तिची पिल्लं दोघांना विकली आहेत. आता मलाही फोन करावे लागतील."

मी तिचा ईमेल लिहून घेतला. रिपोर्ट पाठवला. मग वहीतला पुढचा नंबर लावला. तो पोस्टमनचा होता.