प्रुफानंतर घातलेली ओळ

नाही, मला तत्त्वज्ञान कळत नाही. सातवीत शाळा सुटली ती सुटली. सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात एवढ्या प्राध्यापकांमध्ये माझं काय काम, असं म्हणाल, तर गायकवाड सरांचं एकुलतं एक पुस्तक मी अक्षरांचे खिळे जुळवून उभं केलंय. यांच्यापैकी कोणी नाही.

नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी कंपोझिटर होतो. सर पहिल्यांदा सायकलवरून हस्तलिखित घेऊन आले, तेव्हा मी विचारलं, यात आहे काय? ते स्टुलावर बसले. म्हणाले, "तुमच्या पेटीतला 'क' संपलाय, हे खरं की खोटं?" मी म्हटलं, खण बघितला की कळेल. "बास. असं तपासता येतं त्या वाक्यात माहिती असते. कशानेच तपासता येत नाही, ते खोटंसुद्धा नसतं. मग ती भावना असेल, पण माहिती नव्हे."

दर मंगळवारी सर प्रुफं घेऊन यायचे. मला एखादं वाक्य कळलं नाही, तर ते बदलायचे. तुम्हाला कळलं नाही म्हणजे मीच नीट सांगितलं नाही, असं म्हणणारे प्राध्यापक मी दुसरे पाहिले नाहीत.

प्रस्तावनेच्या शेवटच्या प्रुफावर त्यांनी 'छापा' म्हणून सही केली, त्याच दिवशी त्यांच्या पत्नीचं, वहिनींचं, ऑपरेशन होतं. सर दवाखान्यात. इकडे मला चैन पडेना. जन्मभर प्रत्येक प्रस्तावनेखाली जुळवत आलो ती ओळ मी तिथे घातली: 'ईश्वरकृपेने हे कार्य सिद्धीस गेले.' कोणाला विचारलं नाही. फर्मा मशीनवर चढला.

वहिनी बऱ्या झाल्या, पुस्तक निघालं. प्रकाशनाला एका विद्वानांनी नेमकी तीच ओळ वाचली आणि म्हणाले, "अहो, शेवटी देवाची शिफारस लागलीच म्हणायची." सगळे हसले. सरांच्या घरी वडिलांपासून धम्म. ते उठले आणि एवढंच बोलले, "प्रुफावर सही माझी आहे."

मी मागच्या खुर्चीवर होतो. उठलो नाही.

पुढे कॉम्प्युटर आले, आमचे खिळे भंगारात गेले, सर वारज्याला फ्लॅटमध्ये राहायला गेले. दुसरं पुस्तक मीच करायचं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. ते आलंच नाही. माझ्या ओळीमुळे सरांचं लिहिणं थांबलं, असं धरून मी त्यांना टाळत राहिलो. वास्तविक हे तपासता येण्यासारखं होतं. जायचं आणि विचारायचं. वीस वर्षं तेवढं झालं नाही माझ्याने.

ग्रंथाच्या समितीने लेख मागितला म्हणून शेवटी वारज्याला गेलो. सरांना आता दिसत नाही. शेजारची आयटीतली मुलं पेपर वाचून दाखवतात. मी सगळं सांगून टाकलं.

"सही केलेल्या प्रुफाची एक प्रत माझ्याकडे होती," सर म्हणाले. "प्रकाशनाच्या रात्रीच ताडून पाहिलं."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"मालकांनी तुम्हाला काढलं असतं. आणि ती ओळ म्हणजे माहिती नव्हती हो, काळजी होती. ती पोचली."

मग दुसऱ्या पुस्तकाचं विचारलं. वहिनींनी कपाटातून कागदांचा गठ्ठा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"तुम्हाला कळतंय का, हे बघत बघत पुढे लिहायचं होतं," सर म्हणाले. "तुम्ही आलाच नाहीत."

गठ्ठा अर्धाच आहे.

शेवटी शुभेच्छा द्या, असं समितीचं म्हणणं. शुभेच्छा ही माहिती नव्हे, तेव्हा बिनदिक्कत देतो: सर ठणठणीत राहोत, पुष्कळ वर्षं राहोत, निदान गठ्ठा पुरा होईपर्यंत तरी राहोतच. या मंगळवारपासून मी वारज्याला जातोय. मोठ्याने वाचतो, कळलं नाही की थांबतो. सर सांगतात, मी लिहून घेतो.

एवढंच. याहून जास्त मी काही लिहिणार नाही, आणि समारंभात बोलणारही नाही.