धोतऱ्याला आमंत्रण

आमच्या शेजारच्या धोतरामावशी माणसांशी मोजकं बोलत, झाडाशी मात्र मनापासून. सोलापुरातल्या आमच्या दोघींच्या परसात एकच विहीर होती आणि तिच्या कडेला काळा धोतरा. संध्याकाळी मावशी त्याच्या बुडाशी हळदकुंकू अन् चिमूटभर तांदूळ वाहत आणि म्हणत, "उद्या सकाळी न्यायला येते. रागवू नगं." औषधाला आदल्या दिवशी आमंत्रण द्यायचं, तरच गुण येतो, ही त्यांच्या मंगळवेढ्याकडची रीत. मी हसले की फटकारायच्या, "तुमच्यात न सांगता नेत्यात व्हय गं कुणाला जेवायला?"

गिरणीतला कापूस छातीत बसलेली माणसं त्यांच्या ओट्यावर धापा टाकत यायची. मावशी सावलीत वाळवलेलं पान निखाऱ्यावर टाकून बेताचा धूर देत. दमेकरी मीही त्यांच्यातलीच. पान मात्र कुणाच्या हाती देत नसत. "पोटात गेलं तर येड लागंल, न्हायतर जीव जाईल. महादेवाचं हाय त्ये, चेष्टा न्हाय."

त्यांचे यजमानही गिरणीतच. एका दुपारी त्यांना घरी आणलं तेच ओठ निळे पडलेले. पानांचा डबा रिकामा होता. शेवटचं पान सकाळी माझ्यासाठी जळलं होतं. मावशी धावत विहिरीवर गेल्या, ओलंच पान ओरबाडून आणलं, तव्यावर भाजलं. धूर निघायच्या आत सारं आटोपलं.

"न सांगता तोडलं मी," एवढंच त्या म्हणत राहिल्या. डब्याबद्दल कधी अवाक्षर नाही. मला ते फार लागलं. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढे कोणी दारी आलं तर म्हणत, "माज्या हाताचा गुण गेला, बाबा."

वर्षभराने भाऊ त्यांना माहेरी न्यायला आला. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला विहिरीवर बोलावलं. "कुंकवाचा हात आता माजा न्हाय. तू वाह." मी वाहिलं. पांढऱ्या कपाळाच्या त्या चार पावलं लांब उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि धोतऱ्याला म्हणाल्या,

"मी चालले. हिला दम लागतो. घाईत हिनं न सांगता तोडलं, तर हिच्यावर रागवू नगं."