मागच्या ओळीतले घुंगरू

मंदाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. पांढुर्ण्यात त्यांचा कथकचा क्लास. तिगावहून मी माझ्या वैशालीला घेऊन गेले होते. ताईंनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. डोळे मिटून म्हणाल्या, "चालून दाखव." मला तिथंच शक आला. डोळे मिटून कोणी मुलगी पाहतं का?

दोन वर्षं मी दाराशी बसून नजर ठेवली. ताई कोणाशी हसून बोलतात, कोणाला पुढं उभं करतात, सगळं पाहिलं. दुकानदारांच्या मुली पुढच्या ओळीत आणि माझी वैशाली कायम शेवटच्या. आम्ही संत्र्याच्या बगीच्यात राबणारे, म्हणून पोरगी मागे, असं मी ठरवूनच टाकलं.

सौंसरला कार्यक्रम होता. तिथंही वैशाली मागेच. मी सरळ मेकअपच्या खोलीत गेले.

"घुंगरू सोड. चाल घरी."

"आई, असं काऊन करून राहिली? ऐक तर, मागची ओळ—"

"तुले मागे लपाले नाही शिकवलं मी!"

मंदाताई आल्या. ओरडल्या नाहीत. "वैशालीची आई, आता समजावून सांगाले टेम नाही. पण घरी जाऊ नका. दोघी समोर बसून पाहा."

बसलो. नाच सुरू झाला आणि थोड्याच वेळात पुढच्या मुली बावचळल्या. एक मान वळवून मागे पाहे, दुसरी तिच्याकडे पाहे. शेजारी वैशालीचे पाय खुर्चीखाली बरोबर पडत होते आणि डोळ्यांतून पाणी. लोक हसले. मी मान वर केली नाही.

आता क्लासमधून नाव कटणार, हे मी धरूनच चालले होते. कार्यक्रम संपल्यावर ताईंनी मला विचारलं, "कोण चुकलं?"

"पुढच्या."

"नाही. पुढच्यांना मागचं दिसत नाही, फक्त ऐकू येते. म्हणून मी डोळे मिटून पाय ऐकते आणि जिचे सगळ्यात पक्के, तिला मागे उभी करते. आज मागे कोणी नव्हतं." मग म्हणाल्या, "चूक माझी. मी हे पोरींना सांगते, त्यांच्या आयांना सांगत नाही."

माफी मागायची सवय मला नाही. ताईच पुढं बोलल्या, "पुढच्या कार्यक्रमापासून मेकअपच्या खोलीच्या दारात तुम्ही उभ्या राहा. तुमची नजर शक्की आहे. मले तशीच बाई पाहिजे."

माणसं सांभाळण्याची त्यांची रीत ही अशी. माणसाची खोड मोडत नाहीत, तिला कामाला लावतात. लोधीखेड्याच्या कार्यक्रमात एक गृहस्थ मोबाईल घेऊन आत शिरत होते. मी दारात हात आडवा घातला.

"मी संयोजक आहे, बाई."

"असान संयोजक. पण पोरी कपडे बदलून राहिल्या."

ते रागानं ताईंकडे गेले. ताई म्हणाल्या, "दारात त्या म्हणतील ते." त्या मंडळींनी पुन्हा बोलावलं नाही. ताईंनी मला ते कधी ऐकवलंही नाही.

आता ताईंना साठ वर्षं होत आहेत. क्लास वैशालीनं घ्यायचा, असं त्यांनी सर्वांसमोर सांगितलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मला शक आला. एवढं चालतं काम कोणी उगीच सोडत नाही.

"गुडघा दुखते का, ताई?"

"नाही हो."

"मग सोडून काऊन राहिल्या?"

"सोडून कुठं राहिली? मागच्या ओळीत चालली."

वैशाली त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "आई, ताई नसल्या तर मी पुढं उभी नाही राहू शकत." तेव्हापासून माझं लक्ष फक्त ताईंवर आहे.

मंदाताई, आता तुम्हालाच सांगते, क्लासचा जिना चढताना तुम्ही दोनदा थांबता आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिल्याचं सोंग करता. ते कॅलेंडर मागच्या वर्षीचं आहे. येत्या सोमवारी नागपूरला डॉक्टरकडे जायचं. मी सोबत येते आणि तपासून होईपर्यंत दारातच बसते. तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, पाय ठणठणीत राहोत, हे देवाजवळ मागणं आहेच. पण देवावर टाकून मी स्वस्थ बसणार नाही. वैशाली आता पुढच्या ओळीत उभी आहे. तिला मागचे घुंगरू ऐकू आलेच पाहिजेत.