खिडकीकडची खुर्ची

अग्लाया मोकानूबाईंचं ऑफिस कुठे आहे असं आमच्या कॉन्स्टान्त्सा बंदरात विचारलंत, तर लोक तुम्हाला बेकरीचा पत्ता सांगतील. खाली कोव्रिग, म्हणजे तीळ लावलेली पावाची कडी, भाजतात, वर आम्ही देशाच्या सुरक्षिततेचा विचार करतो. आमच्या अहवालांना भाजलेल्या तिळाचा वास येतो असं मंत्रालयात म्हणतात, आणि ते खरं आहे. मी तिथला भाषांतरकार. नाव ट्रायान. मला चटकन राग येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

बाई मूळच्या भूगोलाच्या शिक्षिका. देशाचा नकाशा काढताना मुलं समुद्राकडची रेघ घाईघाईत ओढायची, त्यावर त्या फार वैतागायच्या. "तिकडूनही माणसं येतात, बाळांनो!" म्हणून खोडरबर पुढे करायच्या. निवृत्त झाल्यावर लोक टोमॅटो लावतात, बाईंनी संशोधन केंद्र काढलं. आमच्या किनाऱ्यावरची बंदरं कोण विकत घेतं, तेलाच्या धक्क्यांशेजारी कोण जागा पटकावतं, कुठल्या जहाजाचा झेंडा वारंवार बदलतो, हे छापील आणि जाहीर कागदांवरून शोधायचं आणि लोकांपुढे मांडायचं, हे काम. सरकारचा पैसा नाही, पक्षाचा नाही, तोफा विकणाऱ्यांचा तर नाहीच. वर्गणीदार आणि माझी भाषांतरं यावर गाडा चालायचा.

माझा मेहुणा दर ईस्टरला जेवताना विचारायचा, "सरकारकडे सैन्य आहे, हेर आहेत. तुमच्या तीन खोल्या हव्यात कशाला?" मला उत्तर सुचायचं नाही, म्हणून मी त्याच्यावर ओरडायचो. बाई ओरडत नसत. त्या म्हणत, "मंत्र्याच्या पगारावरचा माणूस मंत्र्याला 'साहेब, तुम्ही चुकताय' असं आयुष्यात किती वेळा म्हणेल? आपल्याला धड पगारच नाही, तर घाबरायचं कशाला?"

आमच्याकडे खिडकीजवळ एक जुनी खुर्ची होती, स्प्रिंग निसटलेली. अहवाल छापायला जाण्याआधी तो मोठ्याने वाचायचा आणि आमच्यापैकी एकाने त्या खुर्चीत बसून त्याची चिरफाड करायची, असा बाईंचा नियम होता. हे कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं? उलट खरं असेल तर? खुर्चीतल्या माणसाने कितीही लागट बोलावं, कॉफी आली की सगळं विसरायचं. मी तिथे बसलो की ऑक्टावला घाम फुटायचा. ऑक्टाव आमचा सगळ्यात हुशार संशोधक, पाच भाषा येणारा आणि कुठल्याच भाषेत गप्प न बसणारा. गावभर त्या खुर्चीची चेष्टा व्हायची. बेकरीवाला तर नवरा-बायकोच्या भांडणातसुद्धा म्हणायचा, "जा, वर जाऊन त्या खुर्चीत बस."

पंधरा वर्षं बाई एकच गोष्ट सांगत होत्या, की मोठ्या बंदरांवर पहारा आहे, लहान बंदरं वाऱ्यावर आहेत. कुणी ऐकलं नाही. मग समुद्रापलीकडे युद्ध सुरू झालं आणि अचानक सगळ्यांना आमचा जिना सापडला.

त्याच उन्हाळ्यात ऑक्टावने बाल्ता बंदरावरचा अहवाल लिहिला. नौदलाच्या तेलाच्या धक्क्याला लागून तिथे धान्याचं एक मोठं गोदाम आहे. ते स्पिरू कारामफिल नावाच्या स्थानिक व्यापाऱ्याने विकत घेतलं होतं. पण पैसा त्याचा नाही, पलीकडच्यांचा आहे, असं अहवालात होतं. आधाराला तीन ठिकाणं होती. गालात्सचं एक वर्तमानपत्र, परदेशातली एक नावाजलेली संस्था आणि रेडिओवरचा कार्यक्रम. तो खुर्चीपुढे वाचला गेला त्या दिवशी मी तुलच्याला भाचीच्या लग्नात नाचत होतो. परत आलो तेव्हा अहवाल छापून झाला होता, आणि आठवडाभरात तो सगळ्या पेपरांत पहिल्या पानावर होता.

मंत्रालयातून हारालांब निस्टोर स्वतः आले. हे साहेब एकेकाळी बाईंच्या वर्गात मागच्या बाकावर बसत. "बाई, तुम्ही आमचे डोळे उघडलेत," ते म्हणाले. "लहान बंदरांच्या पहाऱ्याचा कायदा येतोय. आणि तुमचं केंद्र आमचं कायमचं सल्लागार होणार. वर्गणी मागत फिरायला नको." बाईंनी त्यांना कोव्रिग दिले. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं.

तिकडे बाल्तात स्पिरूचा परवाना रोखला गेला. जहाजं यायची थांबली.

संसदेत प्रश्न आले तर हाताशी असावं म्हणून निस्टोरसाहेबांनी आणखी तपशील मागितला. बाईंनी त्या परदेशी संस्थेला विचारलं, की तुम्हाला ही माहिती कुठून मिळाली? उत्तर आलं, गालात्सच्या वर्तमानपत्रातून. रेडिओला विचारलं. ते म्हणाले, त्या संस्थेकडून. मग बाईंनी गालात्सच्या वार्ताहराला फोन लावला. फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता.

"अहो बाई, मला काय विचारता? तुमच्याच ऑक्टावने सांगितलं की! वसंतात इथे परिसंवादाला आला होता ना?"

ऑक्टावला समोर बसवलं. त्याला आठवायला वेळ लागला नाही. परिसंवादात तो एवढंच म्हणाला होता, "बाल्तातलं गोदाम कुणाच्या पैशाने घेतलंय कुणास ठाऊक. उद्या कळायचं, की पैसा पलीकडचा आहे." वार्ताहराने लिहिलं, 'जाणकारांच्या मते पैसा परका.' तिथून ते परदेशात गेलं, रेडिओवर आलं आणि फिरून आमच्याच टेबलावर आलं. आम्ही आमचीच शंका तीन तोंडांनी ऐकली आणि पुरावा म्हणून छापली. असल्या चुकीला आमच्यासारखे कागदात नाक खुपसून बसणारेच लागतात. न वाचणाऱ्याला ती जमणारही नाही.

"छापायचं," बाई म्हणाल्या. "आपण चुकलो असं छापायचं."

ऑक्टावचा चेहरा उतरला. "बाई, पैसा परका नाही असंही कुठे सिद्ध झालंय?"

"नाहीच झालं. आपल्याला माहीत नाही, हेच छापायचं."

दुसऱ्या दिवशी निस्टोरसाहेब गाडी काढून आले. या वेळी कोव्रिगला हात लावला नाही. "बाई, कायदा चांगला आहे की वाईट?"

"चांगला आहे. पंधरा वर्षं मीच मागत होते."

"मग हिवाळ्यात कायदा मंजूर होईपर्यंत तोंड बंद ठेवा. तुम्ही आता चूक कबूल केलीत, तर पलीकडचे ढोल बडवतील. 'बघा, विकत घेतलेले खोटारडे' म्हणतील. कायदा अडेल. एका गोदामवाल्यासाठी अख्खा किनारा उघडा टाकणार?"

माझ्या तोंडात शिवी आली होती, पण खरं सांगतो, त्या माणसाचं म्हणणं मला खोडता येत नव्हतं. त्याला स्वतःसाठी काही नको होतं. तोही किनाऱ्याचीच काळजी करत होता.

बाईंनी खिडकीतून बंदराकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "हारालांब, तुला हवं ते बोलणारी माणसं तुझ्या ऑफिसात मजलेच्या मजले आहेत. तू जिना चढून इथे का आलास? आम्ही कुणाचे नाही म्हणून. मी आज गप्प बसले, तर उद्या माझ्या खऱ्या बोलण्याची तुला काय किंमत? आणि तो माणूस, त्याचं काय?"

"कोणता माणूस?"

"बघ. तुला नावही आठवत नाही."

साहेब उठले. दारात थांबून म्हणाले, "शाळेतही तुम्ही असंच करायचात, बाई. बरोबर आलेल्या उत्तराचेसुद्धा मार्क कापायचात, रीत चुकली म्हणून." आणि जिना उतरले.

चूक छापली. ढोल वाजले. सल्लागारपद गेलं, कायदा लांबणीवर पडला, आणि ऑक्टावला मंत्रालयात नोकरी लागली. जाताना तो रडला, मीही रडलो, मग आम्ही एकमेकांना गाढव म्हणून घेतलं. वर्तमानपत्रांनी आमची चूक आतल्या पानावर, बुटांच्या जाहिरातीखाली टाकली.

बाईंचं जेवणावरून लक्ष उडालं. डिसेंबरात संत स्पिरिदोनचा दिवस आला. ज्यांचं नाव त्या संतावरून, त्यांचा तो नामदिवस. त्या सकाळी बाई म्हणाल्या, "ट्रायान, गाडी काढ. बाल्ताला जाऊ. आज स्पिरूचा नामदिवस आहे."

"हाकलून देईल तो!"

"नामदिवसाला आलेल्याला कुणी हाकलत नाही."

हे मात्र खरं होतं. त्या दिवशी आमंत्रण लागत नाही, दार सताड उघडं असतं, आणि बाल्तासारख्या गावात कारामफिलसारख्याच्या घरी तर बसायला जागा मिळायची मारामार. आम्ही पोचलो तेव्हा दार उघडं होतं. आत लांबच लांब टेबल मांडलेलं होतं. नाताळाआधीचे उपासाचे दिवस, मांस वर्ज्य, म्हणून तांदूळ भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्या, मासळी, लोणच्याची मिरची, दारूचे ओळीने ग्लास. भिंतीला लागून शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या खुर्च्या. आणि माणूस एकही नाही. स्पिरू टेबलाच्या टोकाला इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. त्याची बायको देस्पिना चुलीपाशी पाठ करून उभी होती. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बाईंनी हातातला केक टेबलावर ठेवला. "शंभर वर्षं जगा, स्पिरूभाऊ. मी अग्लाया मोकानू."

देस्पिना गर्रकन वळली. "हिची हिंमत बघा! आमच्या घरात?"

"आज दार उघडं आहे, देस्पिना," स्पिरू म्हणाला. "राहू दे." मग बाईंकडे बघून, "माफी मागायला आलात? ती वाचली मी. बुटांच्या खाली होती. मी वाचली, गावाने नाही. गाव अजून पहिल्याच पानावर आहे."

"हो," बाई म्हणाल्या.

"मला एक सांगा, बाईसाहेब. तुमच्याकडे म्हणे एक खुर्ची आहे. आमच्या बंदरावरसुद्धा तिचे विनोद चालतात. कुणावर काही लिहिलं, की तिच्यात एकजण बसतो आणि उलटे प्रश्न विचारतो. खरं?"

"खरं आहे."

"मग माझ्यावर लिहिलंत, त्या दिवशी तिच्यात कोण बसलं होतं?"

मी बाईंकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. मी ऑक्टाववर चिडलो होतो, वार्ताहरावर, निस्टोरवर, बुटांच्या जाहिरातीवर. बाईंचे हात कोटाच्या बटणावर होते.

"मी," बाई म्हणाल्या. "मीच बसले होते. आणि मी काहीच विचारलं नाही. पंधरा वर्षं मी बंदरं बंदरं करत होते, स्पिरूभाऊ. मला ते खरं असायला हवं होतं."

देस्पिनाच्या हातातला डाव तसाच राहिला. बाई एवढ्याशा झालेल्या दिसत होत्या, आणि मला त्यांची इतकी दया आली की मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

मग स्पिरू उठला. भिंतीकडची एक मागून आणलेली खुर्ची त्याने ओढत आणली आणि आपल्या समोर मांडली.

"बसा."

बाई बसल्या.

"आता विचारा," तो म्हणाला. "तुम्ही परदेशात विचारलंत, गालात्सला विचारलंत, रेडिओला विचारलंत. माझं घर तुमच्या ऑफिसपासून गाडीने किती लांब आहे, ते आज कळलंच असेल. मला कुणी विचारलं? चूक छापलीत, तेव्हा तरी विचारलंत?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. वर्गात विचारायच्या तशा त्या ताठ बसल्या, पण आवाज वर्गातला नव्हता.

"गोदाम कुणाच्या पैशाने घेतलंत, स्पिरूभाऊ?"

"आमच्या म्हाताऱ्याचा द्राक्षमळा विकला," स्पिरू म्हणाला. "तो काय, या खिडकीतून दिसतो."