चौथी बाजू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय – आणि सांगताना माझाच मला संताप येतोय.

माझे आजोबा सालदार. दुसऱ्याच्या शेतात राबून मेले. म्हणून आबांना, माझ्या वडिलांना, धुळ्यातल्या एका कारखान्यात फिटरची निळी वर्दी मिळाली तेव्हा आभाळ ठेंगणं झालं. तीच वर्दी माझ्या अंगावर बघायची, एवढं एकच स्वप्न. दहा वर्षांचा असल्यापासून त्यांनी माझ्या हातात कानस दिली. डोळे मिटून लोखंड घासायचो मी!

आणि मला काय व्हायचं होतं? एमआर! गळ्यात टाय, हातात बॅग, डॉक्टरांच्या दारात औषधांचं गोड गोड इंग्रजी. हसा, हसा. पण हे आबांच्या तोंडावर सांगायची छाती होती कुठे?

सत्त्याऐंशी साल असेल. कारखान्यात कामगारांच्या मुलांची भरती निघाली. परीक्षा एकच – लोखंडाचा तुकडा घासून काटकोनात आणायचा. तपासणारे नाना, आबांचे जिवलग. वीस वर्षं एका डब्यात जेवलेले. मी तीन बाजू चोख केल्या आणि चौथी – मुद्दाम, हो, मुद्दाम – तिरकी घासली. नानांनी काटकोन तपासायचा गुण्या लावून तुकडा खिडकीकडे धरला. फटीतून उजेड आला. माझं काम ते लहानपणापासून बघत आलेले. हळूच म्हणाले, "हाऊ तुना हात नही शे रे भाऊ." मी मान खाली घातली. त्यांनी नापास केलं, कारण खोटे मार्क देणं त्यांना जमलंच नसतं. पण खरं काय ते कुणाला बोलले नाहीत.

मग मी सांगायचं ना? घरी काय सांगितलं माहितीये? "नानांनी दुसऱ्याचा पोरगा घेतला."

झालं! नानांच्या मुलीच्या लग्नात आबा भर पंगतीत उभे राहिले. "मना पोऱ्यानी भाकर खादी तू!" ओरडले आणि पानावरून उठून गेले. नाना वाढायचं भांडं घेऊन तसेच उभे. मी? मी पुढ्यातली जिलेबी संपवली. नालायक!

पुढे मी एमआर झालो. टायही घातला. आबा नानांशी पुन्हा बोलले नाहीत. शेवटच्या दुखण्यात मला विचारलं, "नानानी तुनं वाटोळं करं ना रे?" मी त्यांचे पाय दाबत होतो. तेव्हा तरी – तेव्हा तरी बोलायचं! मी म्हणालो, "हो, आबा."

आबा गेले त्या दिवशी नाना आमच्या दारात आले. काकांनी हात आडवा घातला – "तुम्ही खांदा द्यायचा नाही." नानांनी माझ्याकडे बघितलं. मी मडकं धरून उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं.

नानांनी काढलेल्या चपला परत पायात घातल्या आणि निघून गेले. मी त्यांना जाऊ दिलं.