चंद्र कुठला धरायचा?

तीन म्हातारे रोज एकाच बाकावर बसले की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. शेंगा खाता खाता पायाशी टरफलं साचावीत, तसे ते साचतात. आमचा बाक केडगाव स्टेशनाबाहेर, चहाच्या टपरीपुढं. मी, पंक्चर काढणारे बशीरभाई आणि कुरकुंभच्या कंपनीत शिफ्टा करून रिटायर झालेला दत्तू. माझी नात सोनल मेक्सिकोला शिकायला गेली, तेव्हापासून निम्मे किस्से तिचेच.

* * *

शाळा मी बाहेरूनच पाहिली. पृथ्वी गोल आहे म्हणतात, असेल. पण आपल्याकडं सकाळ असताना सोनलकडं संध्याकाळ कशी, ते मला उमगेना.

दत्तू म्हणाला, "आबा, सोपं हाय. आपण डे शिफ्टला, ती नाईटला. सूर्य एकच, त्याला रिलीव्हर न्हाई."

"मग आत्ता तिच्याकडं वार कोणता?"

"कालचा."

"म्हंजी आज काय व्हनार, ते तिच्या आधी आपल्याला ठावं?"

दत्तूनं चहा संपवला, कप ठेवला. "कंपनीत हे कवा कुनी इचारलं न्हाई," म्हणाला.

* * *

सोनल लहान होती तेव्हापासून संकष्टी चतुर्थीचा उपास आजी-नात मिळून करतात. चंद्र बघायचा आणि एका ताटात जेवायचं. परवाच्या चतुर्थीला सोनलचा फोन आला. तिकडं सकाळ होती. "आजी, आज सुट्टी आहे. ताश्को नावाचं जुनं गाव बघायला चाललेय. उपास आहे माझा."

इकडं रात्री चंद्र उगवला. घरातले सगळे जेवलो. घरची मात्र ताटावर बसेना.

म्हटलं, "अगं, चंद्र आलाय की."

"माझा आलाय. पोरीचा कुठं आलाय अजून?"

घरचीला शुगर आहे. सून गोळी घेऊन मागं मागं, आणि ही नुसत्या पाण्यावर.

* * *

सकाळी बाकावर गेलो. रात्रीत सोनलचे बोललेले मेसेज आले होते, ते दत्तूनं लावले. चांदीच्या खाणींचं गाव, म्हणाली. डोंगरावर पांढरी घरं, लाल कौलं, आणि गल्ल्या इतक्या चढाच्या की टॅक्सी मुंगीसारखी चढते. मग म्हणाली, "आबा, आज काहीच ठरवलं नाही. चौकात बाकावर बसलेय. लोक बघतेय."

बशीरभाई म्हणाले, "एवढं लांब जाऊन बाकावरच बसायचं व्हतं, तर हितं जागा व्हती की."

* * *

पुढच्या मेसेजात बाजार होता. एक बाई काटे तासून निवडुंग विकत होती. भाजी करतात म्हणे त्याची. "आजीला विचारा, उपासाला चालतो का?"

दत्तू म्हणाला, "माझ्या बांधावर एवढा उभा हाय, शेळी तोंड लावत न्हाई."

मी उठून घरी विचारायला गेलो. घरचीनं बराच विचार केला. "न्हाई. रताळं मिळालं तर खा म्हणावं."

"रताळं, मिरची तिकडनंच आपल्याकडं आली, आसं म्हणती सोनल."

"मग त्याच्या आधी आपल्या बाया उपासाला काय खायच्या?"

हा प्रश्न मी बाकावर आणला. दत्तू म्हणाला, "कडक धरत आसतील."

* * *

बशीरभाईंनी मात्र मूळ दुखणं ओळखलं. "आबा, वहिनी अजून जेवल्या न्हाईत ना? आमच्यातबी हा घोळ असतो. ईदचा चांद एका गावाला दिसतो, दुसऱ्याला न्हाई. मौलवी सांगतात, जिथं माणूस, तिथला चांद."

मी आनंदानं घरी आलो. म्हटलं, बशीरभाईंनी निकाल दिलाय. तुझा चंद्र हितला. तू जेव, ती तिकडं तिचा बघून जेवंल.

"बरोबर हाय त्यांचं," घरची म्हणाली. "मग तिचा उगवंपर्यंत मी थांबते."

सोडवायला गेलो आणि गाठ आणखी आवळून आलो.

* * *

तेवढ्यात सोनलचा व्हिडिओ कॉल आला. ती चर्चच्या पायऱ्यांवर बसलेली, मागं अंधार.

"आजी, जेवलीस ना?"

मीच म्हटलं, "न्हाई जेवली."

"अगं आजी, गोळी घ्यायची असते ना? इकडं डोंगरावर ढग आहेत, चंद्र दिसतच नाही. आणि माझी बस सुटेल आता."

घरची भिंतीला धरून उठली. अंगणात गेली. ऊन चांगलं वर आलं होतं, आणि समोर उसाच्या शेंड्यांवर फिकट चंद्र मावळायला टेकला होता. मी बघतच राहिलो. जो इकडं मावळतोय, तोच तिकडं उगवायचा कसा?

घरचीनं त्याला हात जोडले.

"हितंच रेंगाळलास व्हय रं? जा बाबा. पोर उपाशी हाय तिकडं."

आम्ही फोनकडं बघत उभे. सून गोळी घेऊन उभी. सोनल मान वर करून बसलेली.

"आजी, आला."

"कसा दिसतोय?"

"लाल आहे. एकदम लाल."

"लांबचा चालून आलाय. त्याला काय बोलू नगंस. तू खा आधी."

सोनलनं पिशवीतून उकडलेलं रताळं काढलं आणि घास घेतला. घरचीनं तो गिळेपर्यंत पाहिला.

मग सुनेला म्हणाली, "वाढ गं."