घागांच्या अकरा फेऱ्या

घाग गेले तेव्हा सोसायटीच्या शोकसभेत तीन जण बोलले. तिघांच्याही म्हणण्याप्रमाणे घाग शांत, क्षमाशील आणि परमेश्वराच्या इच्छेपुढे मान तुकवणारे होते. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. असा कोणी माणूस एकोणपन्नास वर्षांत माझ्या घरात राहिल्याचं मला काही आठवेना.

दौलत घाग माझे यजमान. मी त्यांना आडनावानंच हाक मारायची, कारण आमची ओळख ठाण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. मला कॉन्व्हेंटच्या इंग्रजीवर नोकरी लागली होती, त्यांना माजी सैनिक म्हणून. बोर्ड शेजारी शेजारी. ते मला मॅडम म्हणायचे आणि लग्नानंतरही मॅडमच म्हणत राहिले.

त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. सैन्यात ते सिग्नलमध्ये होते. एकाहत्तरच्या अख्ख्या लढाईत तारा टाकत फिरले, ओरखडासुद्धा उठला नाही. युद्धबंदी झाल्यावर चौथ्या दिवशी त्याच तारा गुंडाळताना सुरुंगावर पाय पडला. याची त्यांना लाज वाटायची. "लढताना गेला असता तर सांगायला तरी बरं होतं. आवराआवरीत गेला!"

लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांना पाय चालत होता, जात चालत नव्हती. आईचं बरोबर उलटं. त्यांचं एकमत होईपर्यंत आम्ही रजिस्टर लग्न करून खोपटला दोन खोल्यांत राहायला गेलो होतो.

आता भक्तीबद्दल. पुण्याच्या लष्करी इस्पितळात घागांच्या खाटेसमोर एक कॅलेंडर होतं. त्यावर द्रोणागिरी उचलून उडणारा मारुती. तेवीस वर्षांच्या घागांनी त्याच्याकडे तीन दिवस रागानं बघितलं आणि चौथ्या दिवशी तोंड उघडलं. "तुला दोन्ही पाय आहेत आणि तू उडतोस. मला एकावर उभं कर, मी तुझ्याभोवती चालून दाखवतो." दर शनिवारी अकरा प्रदक्षिणा, स्वतःच्या पायानं, कोणाचा हात न धरता. हा ठराव झाला. आम्हाला शाळेत सिस्टरनं शिकवलं होतं की देवाशी मान खाली घालून बोलावं. घाग त्याच्याशी ट्रंककॉलच्या ऑपरेटरशी बोलावं तसे बोलायचे. लाइन लागली नाही की आवाज चढायचा.

पण ठराव त्यांनी पाळला. पुढे आम्ही नौपाड्यात आलो आणि मारुतीचं देऊळ गल्लीतच सापडलं. घागांचा पाय म्हणजे लाकडी पोटरी, दोन बाजूंना लोखंडी बिजागऱ्या आणि मांडीला आवळायचा जाड चामड्याचा पट्टा. त्याला देवळात जाताना वेगळा पांढरा मोजा असायचा, तो मी धुवायची. मला ताप असो, मुलगी अमेरिकेहून आलेली असो, माझ्या डायरीत शनिवारच्या पानावर पहिली ओळ तीच: "घाग, ११."

१८ नोव्हेंबर २०२३ च्या पानावर लिहिलंय: "घाग, १. भांडण."

त्या दिवाळीत देवळाचा जीर्णोद्धार झाला होता. नवा संगमरवर, नवा ट्रस्ट, आणि नवा सेक्रेटरी मुकुल. मुलगा वाईट नाही, पण पाट्या लावण्याची फार हौस. दारातच पाटी होती: चामड्याच्या वस्तू आत नेण्यास सक्त मनाई. खाली लोकांनी काढून ठेवलेल्या कमरेच्या पट्ट्यांचा ढीग. मुकुलनं घागांना पायरीवरच अडवलं.

"काका, पर्सनल काही नाही. नियम सगळ्यांना सारखा."

"सारखा कसा? बाकीच्यांचे पाय अख्खे चामड्याचेच आहेत. माझा निम्मा तरी लाकडाचा आहे."

"काका, ते जिवंत असतं ना."

"म्हणजे मेलेलं चालत नाही. मग मृदंगाला काय लावलंय, पुठ्ठा?"

"मृदंग काढून टाकला. आता मशीन आहे." त्यानं कोपऱ्यातला विजेवर चालणारा नगारा अभिमानानं दाखवला. "आपण व्हीलचेअर ठेवलीय. नाहीतर गुरुजी तुमच्या नावानं संकल्प सोडून अकरा फेऱ्या घालतील."

"छान! मग सुरुंगावरही गुरुजींनाच पाठवायला हवं होतं."

मग घाग पायरीवर बसले, पट्टा सोडला, पाय काढला आणि चपला सांभाळणाऱ्या शालूपुढे धरला.

"बिल्ला दे."

"काका, एका चपलेचा बिल्ला नसतो. जोडी लागते."

"दुसरी आत घेऊन चाललोय."

शालूनं नऊ नंबरचा बिल्ला दिला. घागांनी कठडा धरून उड्या मारत एक फेरी पूर्ण केली आणि लालबुंद होऊन बाहेर आले. "मॅडम, हे चालणं नव्हे, ही लंगडी झाली. मी चालायचं कबूल केलंय."

पुढचे सहा दिवस त्यांनी घरात कोणाला सुखानं जगू दिलं नाही. आधुनिक, बिनचामड्याचा पाय तेव्हा आमच्या माळ्यावरच होता. दोन वर्षांपूर्वी आणला होता, पण तो लावून घाग तीनदा पडले होते आणि मांडीला फोड आले होते. मी त्याची आठवण करून दिली, तर म्हणाले, "तो तुम्ही लावा."

शनिवारी सकाळी सहाला ते पाय बांधून निघाले. मी मागे गेले. देवळाच्या दारात त्यांनी बाहेरूनच नमस्कार केला, देऊळ उजव्या हाताला ठेवलं आणि चालू लागले. नारळवाला, औषधांचं दुकान, मागची गल्ली, उघडं गटार, रिक्षा स्टँड, पुन्हा दार.

"एक," ते शालूला म्हणाले.

"हे काय?"

"प्रदक्षिणा. देव मध्येच आहे ना? रस्ता नगरपालिकेचा आहे, पाटी मुकुलची नाही."

देवळातली फेरी त्यांच्या अडतीस पावलांची. बाहेरची चारशे बारा, मी मोजली. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस! दुसऱ्या फेरीत गटारापाशी पडले. नारळवाला धावला, तर त्याच्यावरच खेकसले, कारण हात धरला तर फेरी मोडते. पाचव्या फेरीनंतर शालूच्या स्टुलावर अर्धा तास बसले. अकरावी दुपारी पाऊण वाजता संपली. घरी मी पट्टा सोडला तर मांडी सोललेली होती.

"घाग, देव काही मोजत बसत नाही हो."

"तो नाही मोजत. शालू मोजते."

खरंच मोजायची. एक ते अकरा नंबरचे बिल्ले ती दर शनिवारी एका खिळ्याला अडकवायची आणि प्रत्येक फेरीला एक उचलून दुसऱ्या खिळ्याला लावायची. घाग तेवढ्यावर खूश. पुढे पुढे रिक्षावाले त्यांना बघून गाड्या मागे घ्यायला लागले, एरवी ते कोणासाठी घेत नाहीत.

अशा रीतीनं पाच महिने गेल्यावर मुकुल घरी आला. हातात ट्रस्टच्या लेटरहेडवरचा कागद. "काका, खास ठराव केलाय. विशेष बाब म्हणून तुम्हाला परवानगी."

"पाटी काढलीस?"

"पाटी कशी काढणार? नियम आहे."

"मग विशेष बाब कोण, मी की माझा पाय?"

"काका, प्लीज. लोक मला बोलतात. तुम्ही पडता, व्हिडिओ काढतात."

"तू बस, चहा घे," घाग म्हणाले. "मुकुल, मी एकटा आत गेलो तर उद्या दुसरा कोणी लंगडा येईल, त्याच्यासाठी तू पुन्हा ठराव करत बसशील. शिवाय बाहेरची सवय झाली आता. आतली फेरी लहान आहे रे. फसवल्यासारखं वाटतं."

मी त्यांना गाढव म्हणाले, मुकुलसमोरच. त्या रात्री आम्ही बोललो नाही. डायरीत तसं आहे. त्यांना थंडीत धाप लागायची, डॉक्टरांनी चालणं कमी करा म्हणून सांगितलं होतं, आणि हे गृहस्थ मोठी फेरी आवडते म्हणत होते. मला देवाचा राग नव्हता, मारुतीनं काही मागितलंच नव्हतं. राग होता तो इस्पितळातल्या त्या ठरावाचा. त्यात मला कोणी विचारलं नव्हतं.

पंधरा महिने चालले. १५ फेब्रुवारी २०२५, शनिवार, चार फेऱ्या झाल्यावर घाग स्टुलावर बसले आणि शालूला म्हणाले, "मॅडमला सांग चहा टाकायला, उरलेल्या मग बघू." घरी आले, अर्धा कप चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाले. दहा वाजता गेले.

तेरावा झाल्यावर शालू आली. पदरात सात बिल्ले.

"मावशी, काकांच्या सात राहिल्यात. हे नंबर मी कोणाला दिले नाहीत. दोन शनिवार झाले, लोकांच्या चपला जमिनीवर, मला शिव्या घालतात. काय करू?"

"दे की लोकांना. माणूसच राहिला नाही, फेऱ्या कोण घालणार?"

"ते तुम्ही बघा," असं म्हणून ती बिल्ले टेबलावर ठेवून निघून गेली.

माझे गुडघे मला जिना चढू देत नाहीत. तरी १ मार्चला, शनिवारी, मी पाय पिशवीत घातला, पांढरा मोजा चढवून, आणि स्टँडवर जाऊन रिक्षात बसले.

"कुठे, आजी?"

"इथंच. देवळाभोवती. सात वेळा."

तो वळला. मग पिशवीतून वर आलेलं पांढऱ्या मोज्यातलं पाऊल त्याला दिसलं. "घागकाकांचा?" त्यानं विचारलं, आणि रिक्षा सुरू केली. पाय माझ्या शेजारी सीटवर उभा. प्रत्येक फेरीला शालूपाशी रिक्षा थांबायची, मी बाहेर हात काढून बिल्ला द्यायची. चौथ्या फेरीला पायरीवर मुकुल उभा दिसला. त्यानं हात जोडले. मला की पायाला, ते कळलं नाही.

सहाव्या फेरीनंतर रिक्षावाला म्हणाला, "आजी, रागवू नका, गॅसच्या रांगेत माझा नंबर लागलाय." आणि मला औषधांच्या दुकानापाशी उतरवून गेला.

उरलेली एक पायी घातली. श्रद्धेनं नव्हे, दुसरी रिक्षा मिळेना म्हणून. पाय काखेत धरला. साडेतीन किलो भरतो, हे मला माहीत होतं, वजन मीच करून लिहून ठेवलं होतं. पण तो घेऊन मी कधी चार पावलं चालले नव्हते. गटारापर्यंत खांदा भरून आला. रिकाम्या रिक्षा स्टँडपाशी दोनदा टेकले. एक पोरगा पुढे आला, "आजी, द्या मी धरतो." मी त्याच्यावर खेकसले.

दारात शेवटचा बिल्ला शालूच्या हातात ठेवला. तिनं तो दुसऱ्या खिळ्याला अडकवला, सगळे अकरा एकदा बोटानं मोजले, मग मूठभर उचलून समोरच्या रांगेकडे वळली.

"चला, कोणाचे बूट? लवकर द्या."